वीतभर पडदा

शाळांच्या जुन्या रजिस्टरांतली एकशे बारा मुलं संगणकात दोन-दोनदा भरली गेली, आणि ती सगळी मीना भोयेच्या हातून.

नाशिकच्या टिळकवाडीतल्या त्या ऑफिसात काम एकच चाले. जिल्ह्यातल्या शाळांची हाताने लिहिलेली रजिस्टरं स्कॅन होऊन यायची आणि आठ मुली त्यांतली नावं, जन्मतारखा, गावं संगणकात भरायच्या. एखादं नाव आधीच भरलेलं असलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, वर, लाल चौकट यायची : ही नोंद आधीच आहे. ती आली की थांबायचं, एवढंच. मीना थांबली नव्हती.

ऑफिस चालवणारा अमोल बच्छाव मूळचा सटाण्याचा, आवाज न चढवता बोलणारा माणूस. त्याने दोनदा भरलेल्या नावांची यादी तिच्यासमोर ठेवली.

"लाल चौकट येते तेव्हा तू काय करतेस?"

"माझ्या मशिनवर येतच नाही सर."

अमोल तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला आणि त्याने तिला कालचंच एक नाव पुन्हा भरायला लावलं. चौकट आली, पाच सेकंद राहिली आणि गेली.

"आली की," शेजारच्या खुर्चीवरून हर्षाली म्हणाली.

"कुठं?" मीनाने विचारलं.

अमोलने पुन्हा भरायला लावलं. या वेळी तो पडद्याकडे न बघता मीनाकडे बघत होता. चौकट आली आणि गेली, आणि मीनाची नजर जागची हलली नाही. ही मुलगी खोटं बोलत नाही, एवढं त्याला कळलं. पण मग काय आहे, ते कळेना.

मीना सुरगाण्याकडची. उंबरठाणच्या अलीकडे डोंगरउतारावर तिचा पाडा. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला आयटीआयमध्ये संगणकाचा कोर्स केला आणि चार वर्षांपूर्वी या नोकरीला लागली. पेठ रोडला एका खोलीत चांदवडच्या पूजासोबत राहायची. वय सव्वीस. हात चपळ, पण चालताना सारखी कशाला तरी धडकायची. दाराची चौकट, उघडा राहिलेला ड्रॉवर, कुणीतरी खाली ठेवलेली पिशवी. ऑफिसात तिला वेंधळी म्हणत, आणि तीही स्वतःला वेंधळीच समजे. दिवस मावळायच्या आत ती खोलीवर पोचलेली असे. अंधार पडला की आपल्याला काही दिसत नाही हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण पाड्यावर वीजच उशिरा आली. अंधारात कुणालाच दिसत नसतं, अशी तिची समजूत होती आणि ती खोडून काढायची वेळ कुणावर आली नव्हती.

अमोलने सांगितलं म्हणून ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरबाईंनी तिला एका पांढऱ्या गोल घुमटात हनुवटी टेकवून बसवलं. समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठे उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मीना बराच वेळ वाट बघत बसली. यंत्र बिघडलं असावं असं तिला वाटलं. मग छापून आलेला कागद बाईंनी पुढे केला. काळा गोल होता आणि त्याच्या मधोमध रुपयाएवढी पांढरी जागा.

"एवढंच दिसतंय तुला. मधलं अगदी स्वच्छ आहे, म्हणून वाचता येतं. कडेचं गेलेलं आहे. आज नाही, बऱ्याच वर्षांपासून जात आलंय," बाई म्हणाल्या. "घरात आणखी कुणाला रात्रीचं कमी दिसतं?"

"बाला, म्हणजे वडिलांना."

"चालताना धडपडतात?"

"धडपडतात, पण तो मुळातच वेंधळा..." मीना बोलता बोलता थांबली.

बाईंनी तिला आजाराचं नाव लिहून दिलं. डोळ्याच्या आतला पडदा सुकत जाण्याचा हा रोग रक्तातून येतो, त्यावर औषध नाही, पांढरी जागा आणखी लहान होत जाईल, किती वर्षांत ते सांगता येत नाही. हे सगळं त्यांनी एका दमात, न अडखळता सांगितलं. मीनाला ते बरं वाटलं. कुणी हळहळत सांगितलं असतं तर तिला तिथे रडू आलं असतं.

पुढच्या रविवारी ती पाड्यावर गेली. दुपारची वेळ होती. बापाला, पुंजाला, तिने अंगणात बसवलं, समोरच्या आंब्याकडे बघत राहायला सांगितलं आणि लाल ओढणी हातात धरून ती त्याच्या बाजूने हळूहळू पुढे यायला लागली.

"दिसली की सांग, बा."

पुंजा आंब्याकडे बघत राहिला. मीना जवळजवळ त्याच्या नाकासमोर आली तेव्हा तो म्हणाला, "हां, आता दिसली."

ओट्यावर नागली पाखडत बसलेल्या आईचं, भागीबाईचं, सूप थांबलं होतं. तीस वर्षं तिने या माणसाला बोल लावला होता. कोंबडीच्या पिल्लावर पाय दिला म्हणून, भरलेली घागर लवंडली म्हणून, संध्याकाळचं पाणी आणायला कधी गेला नाही म्हणून. लक्ष नाय, कामचुकार हाय, असं ती अख्ख्या पाड्यात सांगत आली होती.

"तू मला सांगितलं का नाय?" तिने विचारलं.

"काय सांगू?" पुंजा म्हणाला. "मला वाटं, सगळ्यांना असंच दिसतं."

भागीबाईने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मीना निघाली तेव्हा दाराशी कायम आडवं पडलेलं औत भागीबाईने ओढत गोठ्यामागे नेलेलं होतं आणि पाण्याची भांडी वाटेतून उचलून भिंतीला लावली होती. मीनाच्या भावाने, दिनेशने, पुढे दिंडोरीला द्राक्षाच्या कामावर असताना डोळे तपासून घेतले. त्याचे ठीक निघाले.

इकडे ऑफिसात मीनाचं काय करायचं हा प्रश्न होता. अमोलने तिला स्कॅनिंगच्या टेबलावर जायला सुचवलं. पान उलटायचं, काचेवर ठेवायचं, झाकण लावायचं. डोळ्यांना ताण नाही.

"विचार करून सांगते, सर," मीना म्हणाली. तिला ते काम नको होतं. रजिस्टरातली जुनी वळणदार अक्षरं लावण्यात तिचा हात कुणी धरत नसे. कुठल्या मास्तरांचा 'भ' कसा असतो हे ती दोन पानांत ओळखायची.

मदत करायला सगळेच पुढे आले आणि सगळ्यांनी एकच केलं : अक्षरं मोठी करून दिली. हर्षालीने पडद्यावरची अक्षरं बोराएवढी केली, तेव्हा मीनाला 'रामचंद्र'मधलं नुसतं 'मचं' दिसायला लागलं.

"मोठी नको गं," ती म्हणाली. "बारीक कर. आणि सगळं मधे आण."

"मधे कसं आणू? चौकटी कुठं उघडायच्या ते मशिन ठरवतं."

मीनाच्या डोक्यात ते वाक्य राहिलं. मशिन ठरवतं म्हणजे कोण ठरवतं? संगणकावर काहीही उघडलं की त्याची चौकट पडद्यावर कुठे बसवायची, कुठली वर ठेवायची आणि कुठली मागे, हे ठरवणारा एक वेगळा प्रोग्रॅम असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात. आयटीआयमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. ती शोधत गेली तसं तिला कळलं की लिनक्स या खुल्या संगणकप्रणालीवर हा प्रोग्रॅम काढून टाकता येतो, दुसरा घालता येतो, आणि कुणाला हौस असली तर स्वतःचाही लिहिता येतो. नावं भरायचं काम ब्राउझरमध्ये चाले, त्यामुळे खाली लिनक्स असलं तरी बिघडणार नव्हतं. लोकांनी केलेले पाच-सहा मॅनेजर तिने घालून पाहिले. ते सगळे धडधाकट डोळ्यांच्या माणसांनी केलेले होते. पडद्याचा कोपरान् कोपरा वापरायचा, याचीच त्यांना हौस.

सामानाच्या खोलीत एक जुनं मशिन पडलं होतं. अमोलने ते तिला वापरू दिलं. ऑफिस दहाला भरे. पण नांदगावकडच्या कुसाबाई सात वाजता कुलूप उघडून झाडलोट करायच्या. मीना सातला यायला लागली. संध्याकाळ तिच्या हातात नव्हतीच, म्हणून तिने सकाळ घेतली. दिवसा ती पूर्वीच्याच मशिनवर, प्रत्येक नावाला मान वळवून कोपरा बघत, काम करे.

सुरुवात तिने सी या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या एका छोट्या मॅनेजरपासून केली; कुणीही वाचावा, बदलावा म्हणून कुणीतरी तो खुला ठेवला होता. तोच मोडूनतोडून आपल्याला हवा तसा करायचा. दोन महिन्यांत पडद्याच्या मधोमध वीतभर जागेत चौकट बसायला लागली. पण मधूनच सगळा पडदा काळा व्हायचा आणि उघडलेलं सगळं नाहीसं व्हायचं. कारण सापडायला तिला आणखी तीन आठवडे लागले. एखादी चौकट बंद केली की तिच्यासाठी संगणकाच्या मेमरीत राखलेली जागा सोडून दिलेली असे, आणि प्रोग्रॅम मात्र ती चौकट अजून तिथेच आहे असं धरून त्या जागेला हात घालायचा. कधी काहीच व्हायचं नाही, कधी भलतीच चौकट हलायची, कधी सगळं कोसळायचं. एक जागा दुरुस्त केली की दुसरीकडे तेच.

मग तिने सगळं टाकून दिलं आणि रस्ट नावाची भाषा शिकायला घेतली. या भाषेत अशी चूक करताच येत नाही, असं तिने वाचलं होतं. त्याचा अर्थ तिला पहिल्या आठवड्यात समजला. चूक केली की ती भाषा प्रोग्रॅम तयारच करून देत नव्हती. लिहावं, चालवायला जावं, की पडद्यावर कारणांची यादी. ही वस्तू तू आधीच दुसऱ्याला देऊन टाकली आहेस. ही तू उसनी घेतली आहेस, आणि मालक तर आधीच जातो आहे. दीड महिना तिला यादीच मिळत राहिली.

"रोज सकाळी कुणाशी भांडती तू?" कुसाबाईंनी एकदा झाडू थांबवून विचारलं.

"ह्या मशिनशी, मावशी. मी वस्तू ठेवली की ते विचारतं, ही कुणाची? मालक एकच पाहिजे म्हणतं. दुसऱ्यानं उसनी न्यायची तर मालक जायच्या आत परत करायची. आणि एक जण तिच्यात फेरफार करत असेल तेव्हा बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

कुसाबाईंनी थोडा विचार केला. "बरोबर बोलतंय की ते. तूच चुकत असशील."

मीना चुकतच होती. हळूहळू चुका कमी झाल्या. यादी चार ओळींवर आली, मग दोनवर, आणि एका सकाळी ती आलीच नाही. प्रोग्रॅम चालू झाला. पडदा सगळा काळा, मधे वीतभर उजेड. त्यात वर रजिस्टरची एक ओळ, खाली भरायचे रकाने. कुठलीही नवी चौकट आली तरी ती त्या वीतभर जागेतच येणार आणि येताना बारीक टिंग वाजणार. माउसचा बाण हरवला तर एक कळ दाबायची, बाण मधे हजर. मीनाने त्याला नाव दिलं 'समोर'.

ती बराच वेळ नुसत्या चौकटी उघडत आणि मिटत बसली. पडदा एकदाही कोसळला नाही. तिला आनंद झाला, पण त्याहून जास्त दमल्यासारखं वाटलं.

पुढच्या सोमवारी तिने अमोलला दाखवायला बोलावलं. हर्षाली आणि आणखी दोघी मागे उभ्या राहिल्या. मीनाने एक नाव भरलं, दुसरं भरलं. मग मुद्दाम जुनं नाव भरलं. लाल चौकट टिंग वाजवत मधोमध आली. अमोलने मान हलवली.

"आणि सगळ्या चौकटी बंद केल्या तर?" त्याने सहज विचारलं.

मीनाने एकेक बंद केली. शेवटची बंद झाली आणि 'समोर' जागच्या जागी बंद पडला. काळ्या पडद्यावर दोन ओळी उरल्या.

मीनाचे कान गरम झाले. या भाषेत चूक करताच येत नाही असं ती आठ दिवस सगळ्यांना सांगत होती.

मग तिने त्या दोन ओळी वाचल्या. कुठली फाइल, कितवी ओळ, काय मागितलं आणि काय मिळालं नाही, सगळं लिहिलेलं होतं. ओळ तीनशे बारा. तिथे तिने स्वतःच ठोकून लिहिलं होतं की निदान एक चौकट उघडी असणारच, नसण्याचा विचार करू नको. भाषेने तिचा शब्द मानला होता, आणि तो खोटा ठरल्यावर पुढे रेटून न नेता काम थांबवलं होतं.

"सर, तुम्ही चहा घेऊन या," ती म्हणाली. "तोवर होईल."

अमोल खरोखरच खाली टपरीवर गेला. परत आला तेव्हा सगळ्या चौकटी बंद होत्या आणि पडद्याच्या मधे एकच शब्द होता : रिकामं.

"तीन आठवडे वापर," तो म्हणाला. "मग बघू."

तीन आठवड्यांत मीनाकडून एकही नाव दोनदा भरलं गेलं नाही. सुरुवातीला तिचं काम मागे पडलं, कारण कळा नव्या होत्या. दुसऱ्या महिन्यात आठ जणींत ती दुसरी आली. स्कॅनिंगच्या टेबलाचा विषय अमोलने पुन्हा काढला नाही. हर्षालीने एक दिवस तिच्या मशिनवर बसून पाहिलं आणि दहा मिनिटांत उठली. "जीव गुदमरतो बाई. तुला रोज एवढंच दिसतं?"

"एवढंच."

हर्षाली त्यानंतर तिच्या खुर्चीजवळ पिशवी ठेवेनाशी झाली. वेंधळी हा शब्दही ऑफिसात मागे पडला. त्याच्या जागी जरा जास्तच सांभाळून घेणं आलं. दार उघडून धरणं, जिन्यात हात देणं. मीनाला त्याचा कधी कधी कंटाळा येई, पण ती ते बोलून दाखवत नसे.

आपण लोकांचा खुला प्रोग्रॅम वाचूनच शिकलो, मग आपलाही खुला ठेवावा म्हणून तिने 'समोर' इंटरनेटवर टाकला. सोबत मोडक्या इंग्रजीत आणि चांगल्या मराठीत पानभर माहिती लिहिली. पाच महिने कुणी फिरकलं नाही. मग कोचीच्या एका बँकेतल्या कारकुनाचं पत्र आलं. अपघातानंतर त्याला दोन्ही डोळ्यांनी फक्त डाव्या बाजूचं दिसत होतं. प्रोग्रॅम छान आहे, पण चौकट मधे येते आणि तिचा उजवा अर्धा भाग मला दिसत नाही, असं त्याने लिहिलं होतं. खाली सरळ प्रश्न होता : सगळ्यांची नजर मधेच उरते, असं तुम्ही कशावरून धरलंत?

मीनाने ते पत्र दोन दिवस बाजूला ठेवलं. तिला राग आला होता, आणि तो माणूस बरोबर आहे म्हणून जास्त आला होता. धडधाकट डोळ्यांच्या लोकांनी तिला विचारात घेतलं नव्हतं. तिने या माणसाला घेतलं नव्हतं.

दुरुस्ती सोपी नव्हती. मधोमध ही जागा तिने चाळीसएक ठिकाणी गृहीत धरली होती. तिने ती कल्पनाच बदलली. मध्याऐवजी प्रत्येकाने आपली दिसणारी जागा स्वतः आखून द्यायची, अशी नवी मांडणी केली. मुळाशी बदल केल्याबरोबर भाषेने पूर्वीसारखी लांबलचक यादी पुढे टाकली : इथे अजून जुनंच धरलं आहेस, इथेही, इथेही. पूर्वी तिला या याद्यांची धास्ती वाटे. या वेळी तिने ती कागदावर उतरवून घेतली आणि रोज सकाळी चार-चार जागा खोडत गेली. तिसऱ्या आठवड्यात कोचीला निरोप गेला. त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. त्याने पडद्याचा डावा कोपरा आखून घेतला होता आणि कामावर रुजू झाला होता.

आता तेवीस माणसं 'समोर' वापरतात, निदान तेवढ्यांनी तरी तसं कळवलं आहे. कुणाच्या नजरेला मधे भोक आहे आणि कडा शाबूत आहेत, कुणाला खालचा अर्धा भाग नाही. त्यांची पत्रं मीना सकाळी वाचते आणि आपल्याला न सुचलेलं काही असलं की लिहून ठेवते.

वर्षभराने डॉक्टरबाईंकडे पुन्हा तपासणी झाली तेव्हा पांढरी जागा थोडी आक्रसली होती. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवले. मीनाने बघितले आणि विचारलं, "वाचायला अजून किती दिवस मिळतील?"

"कदाचित वीस वर्षं. कदाचित आठ. मी खोटं सांगणार नाही."

"मग ऐकून काम करायला आत्ताच शिकलेलं बरं ना?"

"आत्ताच बरं. डोळे असताना हात लवकर बसतो."

आठवड्यातून दोन दिवस, दुपारच्या सुट्टीत, ती अंध मुलांच्या एका वर्गात जाते. तिथे राजू शिंगाडे नावाचे जन्मांध शिक्षक आहेत. पडद्यावरचं वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज ते इतका भरभर लावून ऐकतात की मीनाला त्यातला एक शब्दही धरता येत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी तिला पडदा बंद करून बसवलं आणि ती पाच मिनिटांत रडकुंडीला आली.

"चौकटी किती उघड्या आहेत ते मला कळत नाही सर," ती म्हणाली.

"मलाही कळत नाही," शिंगाडे सर म्हणाले. "मशिन सांगत नाही, मी आठवणीत ठेवतो. सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

सध्या मीना त्याच कामात आहे. कळ दाबली की किती चौकटी उघड्या आहेत, कोणत्या, आणि आपण कुठे आहोत, हे 'समोर'ने मराठीत बोलून सांगायचं. मराठी आवाज अजून जोडाक्षरांवर अडखळतो. शिंगाडे सरांनी तो ऐकला आणि फार सावकाश बोलतो म्हणून परत पाठवला.